अपेंडिक्ससाठी न्यूक्लिअर स्कॅन करून घ्यायचा का?

या वेळचं पत्र एका आईचं आहे, थोडक्यात सांगते. मुलगी १३ वर्षांची. महिन्याभरापूर्वी संध्याकाळी तिच्या बेंबीपाशी दुखायला लागलं, रात्रीपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं, एकदा उलटी झाली, ताप किरकोळ. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आलं "अपेंडिक्स दिसलं नाही". सर्जननी रात्रभर ठेवून घेतलं, दर काही तासांनी येऊन पोट बघितलं, सकाळपर्यंत दुखणं उतरलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं. आता मुलगी ठणठणीत आहे. पण दीर म्हणतात की अपेंडिक्स ओळखायचा न्यूक्लिअर मेडिसिनचा (शरीरात थोडंसं किरणोत्सारी औषध सोडून ते कुठे जमतं ते कॅमेऱ्याने बघायचा) स्कॅन असतो, तो त्या रात्री केला असता तर तिथल्या तिथे निकाल लागला असता, अजून वेळ गेलेली नाही, करून टाका. आणि पत्र लिहिणाऱ्या या ताईंना 'न्यूक्लिअर' या शब्दानेच धडकी भरलीय. त्यांचे प्रश्न तीन: असा स्कॅन खरंच असतो का, डॉक्टरांनी तो टाळला का, आणि आता करायचा का.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुम्हाला झोप लागत नाही असं तुम्ही लिहिलंय. आता करू नका. मुलगी बरी असताना या स्कॅनमधून काहीही कळणार नाही. हे मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये वर्षानुवर्षं काम केलेली बाई म्हणून सांगतेय, मला त्या तपासणीबद्दल मनापासून प्रेम आहे, तरी सांगतेय.

गोंधळ कुठे होतो माहितीये का, आपण बोलताना म्हणतो "त्याला अपेंडिक्स झालं", पण अपेंडिक्स तर जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात जन्मापासून असतंच, बोटभर लांबीची एका टोकाला बंद असलेली नळी, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी. झालेलं असतं ते तिला इन्फेक्शन, सूज. त्यामुळे दीर म्हणतात "अपेंडिक्स आहे की नाही बघून घ्या", तेव्हा त्यांच्या मनात असतं की ते खराब आहे का, आज ना उद्या त्रास देणार आहे का. हा स्कॅन ते सांगूच शकत नाही. त्याला ती नळी दिसतही नाही. त्याला दिसतं ते एवढंच की या घडीला शरीरातल्या पांढऱ्या पेशी कुठे धाव घेतायत. सूज चालू असेल तर त्या तिथे गोळा होतात आणि तो भाग चमकतो, सूज गेली की धाव थांबते आणि स्कॅन कोरा. आज कोरा आला म्हणून पुढच्या महिन्याची हमी नाही, आणि गेल्या महिन्यात नक्की काय होतं तेही त्यातून कळायचं नाही.

आता पहिला प्रश्न. हो, असा स्कॅन खरंच असतो, दिरांनी कुठेतरी वाचलं असेल ते खोटं नाहीये. आणि त्यामागची कल्पना फार सुंदर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अपेंडिक्सच्या नळीचं तोंड बंद होतं, कधी कडक झालेल्या मळाच्या खड्यामुळे, कधी आतल्या गाठी सुजल्यामुळे. आत स्राव साचतो, दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा कमी पडतो, जंतू भिंतीत शिरतात, आणि त्यांच्यामागे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. ऑपरेशननंतर काढलेलं अपेंडिक्स पॅथॉलॉजिस्टकडे जातं तेव्हा ते मायक्रोस्कोपखाली हेच शोधतात, भिंतीच्या स्नायूच्या थरात न्यूट्रोफिल आहेत का. असतील तर सूज खरी होती. न्यूक्लिअर स्कॅन तीच गोष्ट पोट न उघडता, जिवंत माणसात बघायचा प्रयत्न करतो. सोनोग्राफी आणि सीटी नळीचा आकार बघतात, जाडी बघतात, हा थेट त्या पेशींचाच माग काढतो.

करतात कसं, तर पेशंटचं स्वतःचं रक्त घ्यायचं, मोठ्या माणसाचं साधारण ४० ते ५० मिली, मुलांमध्ये कमी. सिरिंज किंवा ट्यूब सरळ उभी करून ठेवायची आणि वाट बघायची. अर्धा पाऊण तासात लाल पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर फिकट पिवळसर, जरा गढूळ पाणी राहतं, पांढऱ्या पेशी त्या गढूळपणात असतात. ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की ट्यूबच्या तळाशी पेशींचा एक छोटासा ठिपका बसतो, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, आणि आम्ही त्याला बटणच म्हणतो. त्या बटणावर टेक्निशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ लावलेलं एचएमपीएओ नावाचं औषध घालायचं, ते पेशींच्या आत शिरून तिथेच अडकतं (यालाच आम्ही पेशी लेबल करणं म्हणतो), मग धुवून जादाचं काढून टाकायचं आणि त्याच पेशी त्याच पेशंटच्या शिरेतून परत सोडायच्या. नाव दोनदा तपासून, कारण एकाचं रक्त दुसऱ्याला गेलं तर अनर्थ. हे सगळं नीट हळुवार हातांनी करावं लागतं, पेशी घाईत घुसळल्या तर दुखावतात आणि मग इन्फेक्शनकडे जाण्याऐवजी भलतीकडेच अडकून बसतात. या कामाला सरळ दोनेक तास जातात.

मग पेशंटला लघवी करून यायला सांगतात, कारण मूत्राशय चमकलं की त्याच्याआड खालचं पोट झाकलं जातं. टेबलावर उताणं झोपवायचं, शरीरातून येणारे किरण टिपणारा गॅमा कॅमेरा पोटाच्या अगदी जवळ येतो पण टेकत नाही, आवाज जवळजवळ नाही. स्क्रीनवर ठिपके जमायला लागतात, आधी यकृत आणि प्लीहा उजळतात, कमरेच्या हाडांतला मगज उजळतो, तो उजळणारच, पांढऱ्या पेशींचं घरच ते. आणि अपेंडिक्स सुजलेलं असेल तर उजवीकडे खाली, हाडाच्या आतल्या बाजूला, एक पुसट डाग येतो, अर्ध्या तासाच्या फोटोत शंका वाटावी असा, तासाभराच्या फोटोत ठळक. मी पहिल्यांदा तो डाग गडद होताना बघितला होता तेव्हा खुर्चीवरून उठून उभी राहिले होते, इतकं विलक्षण वाटलं होतं मला ते.

पण ताई, वर लिहिलेले तास मोजून बघा. रक्त काढणं, दोन तास तयारी, वर फोटोंचा एखाद दोन तास. तेही दिवसा, विभाग चालू असताना, टेक्निशियम हाताशी असताना. टेक्निशियम-९९एमचा अर्धायुष्य काळ ६ तास, म्हणजे दर ६ तासांनी ते निम्मंच उरतं, ते कपाटात भरून ठेवायची गोष्टच नाही, मॉलिब्डेनम भरलेल्या जनरेटर नावाच्या उपकरणातून ते रोजच्या रोज काढावं लागतं. रात्री अकराला पोटदुखीचं पोर आलं की सर्जन, सोनोग्राफी, सीटी, ऑपरेशन थिएटर यांची सोय होते, पण पेशी लेबल करणारा माणूस बहुतेक ठिकाणी तेव्हा घरी झोपलेला असतो. आणि अपेंडिक्स थांबत नाही. दुखायला लागल्यापासून पहिला दिवस उलटला की ते फुटायचा धोका चढत जातो.

एक प्रसंग आहे, तो मला विसरता येत नाही. एक तरुण मुलगा होता, पोटाची तपासणी अर्धवट जुळणारी, सोनोग्राफीत गॅस सोडून काही दिसेना, काही कारणाने सीटी करायचा नव्हता, म्हणून सकाळी आमच्याकडे पेशी लेबल करायला रक्त आलं. आम्ही सगळं व्यवस्थित केलं, घाई न करता, आणि सिरिंज शिशाच्या डब्यात ठेवून वॉर्डला फोन केला की पेशंटला खाली आणा. उत्तर आलं, त्याला थिएटरमध्ये नेलं, पोट लाकडासारखं कडक झालं म्हणून. तो पुढे बरा झाला. पण त्याच्याच पेशी त्या डब्यात तशाच राहिल्या, टेबलावर, आणि आमच्या मशीनला त्यांच्याकडून काही विचारताच आलं नाही. कोणाची चूक नव्हती त्यात. वेळच तेवढा लागतो.

हा वेळ वाचवायचा प्रयत्न लोकांनी केला नाही असं नाही. रक्त बाहेर न काढता, थेट शिरेतून असं औषध द्यायचं की जे आतल्या आत न्यूट्रोफिलला जाऊन चिकटेल. न्यूट्रोस्पेक नावाचं औषध होतं, फॅनोलेसोमॅब, न्यूट्रोफिलवरच्या सीडी १५ या खुणेला चिकटणारी अँटिबॉडी आणि तिला टेक्निशियम जोडलेलं. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनं ते २००४ मध्ये मंजूर केलं, आणि मंजूर केलं ते बरोब्बर याच कामासाठी, ५ वर्षांवरच्या पेशंटमध्ये जिथे अपेंडिक्सची लक्षणं धड हो नाहीत धड नाही नाहीत अशा वेळी वापरायला. तयारीचे दोन तास वाचले, आमच्या क्षेत्रात केवढा आनंद झाला होता. आणि मग २००५ च्या डिसेंबरमध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं, कारण इंजेक्शननंतर काही मिनिटांत काही पेशंटचा श्वास आणि ब्लडप्रेशर कोसळल्याच्या घटना पुढे आल्या, त्यात दोन मृत्यू होते. ज्या आजारात इतर मार्गांनी निदान होऊ शकतं आणि बहुतेक पेशंट बरे होतात, तिथे तपासणीनेच जीव जायला लागला तर ती तपासणी राहू शकत नाही, राहूही नये. मला वाईट वाटलं होतं, पण तो निर्णय योग्यच होता. दिरांच्या वाचनात आलेला मजकूर त्या काळातला असण्याची शक्यता खूप आहे, तेव्हा या औषधाबद्दल उत्साहाने लिहिलं जायचं.

कोणी पेट स्कॅनचं नाव काढलं तर त्यालाही नाही म्हणा. पेटमधलं औषध साखरेसारखं असतं, सूज असेल तिथे जातं खरं, पण आतड्यातही ते आपलं आपण दिसतं, पोट रिकामं लागतं, इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहावं लागतं. कॅन्सरसाठी पेट करताना कधीतरी अचानक सुजलेलं अपेंडिक्स सापडतं, तेवढंच.

आता रेडिएशनबद्दल, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त भीती त्याची आहे. ही भीती तुम्ही मनातून काढून टाकावी असं मला वाटतं, स्कॅन करायचा म्हणून नाही, तर पुढे कधी दुसऱ्या कारणासाठी मुलीला अशी तपासणी लागली तर तुम्ही शब्दाला घाबरून नाही म्हणू नये म्हणून. मोठ्या माणसाला या स्कॅनसाठी २०० मेगाबेकरेलच्या (औषधातल्या किरणोत्साराचं माप) आसपास डोस दिला तर शरीराला मिळणारं रेडिएशन साधारण २ मिलिसिव्हर्टच्या (शरीराला बसणारं रेडिएशन मोजायचं माप) थोडं वर जातं, आणि जमीन, हवा, आकाश यांच्याकडून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला मिळतं ते २.४. मुलांना वजनाप्रमाणे डोस कमी करतात. पोटाच्या नेहमीच्या सीटीत याहून बरंच जास्त असतं, ८ ते १० च्या घरात, कमी डोसचा सीटी केला तर तोही २ च्या आसपास आणता येतो. म्हणजे मी तुम्हाला नको म्हणतेय ते रेडिएशनमुळे नाही हे कृपया लक्षात घ्या. ज्या तपासणीतून उत्तर मिळणार नाही ती २ मिलिसिव्हर्टची असो नाहीतर शून्याची, मुलीच्या दंडात सुई कशाला खुपसायची.

आणि आता मधला प्रश्न, डॉक्टरांनी टाळलं का. ताई, तुमच्या सर्जननी त्या रात्री जे केलं ते मला वाचताना फार बरं वाटलं, आणि तुमच्या घरात त्याच्यावरच शंका घेतली जातेय याचं वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय "नुसतंच दर काही तासांनी येऊन पोट दाबून जायचे". ते नुसतंच नसतं हो. चांगला सर्जन हात आधी गरम करतो, मुलीला दुखतंय तिथून लांब, डावीकडून सुरुवात करतो, तळवा सपाट ठेवतो, आणि बघत असतो पोटाकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे. पोट आपोआप घट्ट होतंय का, हात सोडताना दचकते का, खोकायला सांगितल्यावर हात उजवीकडे खाली जातो का, उडी मारायला सांगितली तर मारते का. तीन तासांनी तोच हात परत तेच बघतो, आणि मधल्या वेळात काय बदललं ते त्या हाताला कळतं. सूज वाढत असेल तर दुखणं एका जागी बसत जातं, उतरत असेल तर पसरट होऊन विरतं. धड हो नाही धड नाही नाही अशा पोटासाठी ही परत परत केलेली तपासणी आमच्या कॅमेऱ्याच्या तोडीची आहे, आणि तीही रात्री अकरा वाजता मिळते.

त्यांच्या डोक्यात त्या वेळी गुणांचा हिशोबही चालू असतो. अल्व्हाराडो स्कोअर म्हणतात, १९८६ पासून वापरात आहे, दहापैकी गुण: दुखणं बेंबीपासून उजवीकडे सरकलं १, भूक गेली १, मळमळ उलटी १, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं २, हात सोडताना दुखतं १, ताप १, पांढऱ्या पेशी वाढल्या २, त्यात कोवळ्या न्यूट्रोफिलचं प्रमाण जास्त १. तुमच्या मुलीचे तुम्ही लिहिलेल्यावरून मधले गुण होतात, म्हणजे सरळ घरी पाठवायचंही नाही आणि सरळ ऑपरेशनही नाही, ठेवून घेऊन बघायचं. तेच झालं.

सोनोग्राफीच्या रिपोर्टबद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्या. "अपेंडिक्स दिसलं नाही" म्हणजे "अपेंडिक्स नॉर्मल आहे" असं नाही, आणि "काहीतरी लपवलंय" असंही नाही. ते आतड्यामागे दडलेलं असलं, मध्ये गॅस असला, की ते दिसत नाही. दिसलं आणि ६ मिलिमीटरपेक्षा जाड असलं आणि प्रोबने दाबून दबत नसलं तर सूज धरतात. आणि मुलींमध्ये सोनोग्राफीचं दुसरं एक मोठं काम असतं, उजवा अंडाशय बघणं. अंडाशयाला पीळ पडला तर दुखणं अगदी अपेंडिक्ससारखंच वाटू शकतं आणि तिथेही तासांचा प्रश्न असतो. तुमच्या रिपोर्टवर अंडाशयांबद्दल एखादी ओळ असेल, शोधून बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा. "लिम्फ नोड्स" असं काही लिहिलं असेल तर तेही दाखवा, मुलांमध्ये व्हायरल आजारात पोटातल्या गाठी सुजून हुबेहूब असंच दुखतं आणि आपोआप जातं, तुमच्या मुलीला तेच झालं असणं सहज शक्य आहे.

मग आमच्या विभागाचं यात काहीच काम नाही का, तर आहे, पण ते थोडं बाजूचं आहे. मुलीला वारंवार असं दुखत राहिलं आणि जोडीला शौचातून रक्त गेलं तर मेकेल स्कॅन नावाची तपासणी असते, तीही टेक्निशियमचीच, लहान आतड्याला जन्मतः राहिलेली एक पिशवी आणि तिच्यात चुकून वाढलेलं जठराचं अस्तर शोधणारी. तेव्हा मात्र घाबरू नका. पांढऱ्या पेशींचा स्कॅनही ताप येत राहतोय आणि पोटात पू नक्की कुठे आहे ते सापडत नाही अशा वेळी अजूनही उपयोगी पडतो. तिथे दोन तास थांबायला सवड असते.

परत दुखलं तर काय करायचं ते सांगते, कारण खरी गरज त्याची आहे. दुखायला लागल्याची वेळ मोबाईलमध्ये टाईप करून ठेवा, कुठे सुरू झालं आणि कुठे सरकलं तेही. खायला प्यायला देऊ नका आणि जुलाबाचं औषध तर अजिबात नको. त्याच हॉस्पिटलला जाता आलं तर उत्तम, जुने रिपोर्ट बरोबर घ्या. तिथे दुखणं कमी करायला इंजेक्शन देत असतील तर "निदान झाकलं जाईल" म्हणून अडवू नका, तसं होतं असं पूर्वी मानायचे, आता तपासून झाल्यावर देतात आणि द्यायलाच हवं, पोर किती वेळ कळवळणार. सोनोग्राफीत परत दिसलं नाही आणि डॉक्टरांना शंका राहिली तर ते कमी डोसचा सीटी किंवा सोय असेल तर एमआरआय सुचवतील, त्याला हो म्हणा. दुखणं एकदम थांबलं पण मुलगी मलूल पडली, ताप चढला, पोट फुगून ताठ झालं, तर सुटलो म्हणून घरी बसू नका, फुटल्यावर कधीकधी थोडा वेळ असंच बरं वाटतं.

आणि न्यूक्लिअर स्कॅनचं विचारण्याऐवजी तिथल्या ड्युटी डॉक्टरांना एवढंच विचारा की हिचं पोट परत कोण तपासणार आणि किती वाजता. नाव आणि वेळ दोन्ही लिहून घ्या, आणि ती वेळ होऊन गेली तर नर्सबाईंना न संकोचता उठवा.